प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर घरची शुश्रूषा

ऑपरेशन नीट पार पडले असे सर्जनने सांगितले की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. थोड्याच दिवसांत पेशंट घरी येतो. सोबत लघवीची नळी, तिला जोडलेली पिशवी, गोळ्यांची चिठ्ठी आणि डिस्चार्ज कार्ड असते. इथून पुढचे बहुतेक काम घरच्यांनाच करायचे असते.

या शुश्रूषेत हाताला जमणार नाही असे फारसे काही नाही. अडते ते बोलण्यापाशी. लघवी, शौच आणि शरीरसंबंध या तीन गोष्टींबद्दल आपल्याकडचा साठी-सत्तरीचा माणूस कुणाशी बोलत नाही, आणि या ऑपरेशनचे बहुतेक परिणाम नेमके त्याच तीन ठिकाणी होतात. मग ओली चड्डी गुपचूप धुतली जाते, लघवी गळू नये म्हणून पाणी पिणे कमी होते, लग्नाकार्याला जाणे टळते, आणि ताप आला तरी ‘कशाला उगाच’ म्हणून दोन दिवस अंगावर काढला जातो. म्हणून शुश्रूषा करणाऱ्याने हे विषय जेवणखाण्याइतक्याच साध्या आवाजात काढावेत. ‘आज किती वेळा कपडे बदलावे लागले?’ हा प्रश्न ‘जेवलात का?’ इतक्या सहज विचारता आला, की बाकीचे काम निम्मे सोपे होते.

नेमके कोणते ऑपरेशन?

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या खाली असते आणि मूत्रमार्ग तिच्यामधून जातो. कॅन्सरसाठी ऑपरेशन करताना ही ग्रंथी तिच्यामागच्या वीर्यकोशांसह पूर्ण काढतात आणि मूत्राशयाचे तोंड थेट मूत्रमार्गाला शिवतात. पोटावर छेद घेऊन, दुर्बिणीतून किंवा रोबोटच्या मदतीने केले, तरी आतले काम हेच असते.

हे समजून घेणे गरजेचे आहे, कारण शेजारचे काका किंवा गावाकडचे मामा ‘माझे पण प्रोस्टेटचे झाले होते, आठवड्यात कामाला लागलो’ असे हमखास सांगतात. त्यांचे ऑपरेशन बहुधा वयोमानाने वाढलेल्या, कॅन्सर नसलेल्या ग्रंथीचे असते. त्यात मूत्रमार्गातून दुर्बीण घालून आतला वाढलेला भाग खरवडून काढतात, ग्रंथी पूर्ण काढत नाहीत आणि नवा जोड नसतो. दोन्ही ऑपरेशनांची तुलना करून पेशंटला घाई करू नका. आपल्या माणसाच्या पोटात ताजे टाके घातलेला जोड आहे. पहिल्या काही आठवड्यांतले बहुतेक नियम त्या जोडासाठीच आहेत.

नळीचे दिवस

हा जोड भरून येईपर्यंत मूत्राशयात नळी ठेवतात. साधारण ७ ते १४ दिवस ती राहते. नक्की किती, ते सर्जन ठरवतात. नळीच्या आतल्या टोकाला पाण्याने फुगवलेला छोटा फुगा असतो, म्हणून ती आपोआप बाहेर येत नाही. मात्र ती ओढली गेली तर जोडाला इजा होते. नळी मांडीला चिकटपट्टीने किंवा पट्ट्याने, थोडी सैल ठेवून बांधा. अंथरुणातून उठताना आधी पिशवी हातात घ्यायची आणि मग उठायचे, ही सवय पहिल्याच दिवशी लावा. पिशवी कॉटला अडकवलेली विसरून माणूस उठला तर नळीला हिसका बसतो.

पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर हवी, नाहीतर लघवी मागे फिरते. ती जमिनीवर टेकू देऊ नका. कॉटच्या दांडीला अडकवा किंवा स्वच्छ बादलीत ठेवा. अर्ध्याहून जास्त भरली की रिकामी करा. त्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवा, आणि पिशवीची खालची तोटी भांड्याला लागू देऊ नका. दिवसा फिरताना मांडीला बांधायची छोटी पिशवी मिळते. लुंगी किंवा सैल पायजम्याखाली ती दिसत नाही आणि माणूस मोकळेपणाने चालतो. रात्री मात्र मोठी पिशवी लावा.

नळी जिथून बाहेर येते तो भाग दिवसातून दोनदा आणि शौचानंतर साध्या साबणाने व पाण्याने धुवा. लिंगाची पुढची कातडी मागे सरकवून आतला भाग धुवायचा, कोरडा करायचा आणि कातडी पुन्हा पुढे आणायची. हे शेवटचे काम राहून गेले तर कातडी मागेच अडकून सूज येते आणि रात्रीबेरात्री हॉस्पिटल गाठावे लागते. पेशंटला स्वतःला वाकून जमत नसेल तर पत्नीने किंवा मुलाने करावे. मुलाला संकोच वाटत असेल तर घरी येणाऱ्या नर्सकडून शिकून घ्यावे. पावडर, डेटॉल, हळदीचा लेप यांतले काहीही तिथे लावू नका.

लघवी फिकट गुलाबी दिसली, किंवा शौचाच्या वेळी जोर पडल्यावर नळीच्या कडेने थोडे रक्त आले, तर घाबरू नका. पाणी जास्त प्यायल्यावर रंग निवळतो. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर बंधन नसेल तर दिवसाला दोन ते अडीच लिटर पाणी पोटात जायला हवे. ताक, सरबत, पेज, सूप हे सगळे त्यात धरा.

अधूनमधून ओटीपोटात एकदम कळ येते, लघवीची तीव्र भावना होते आणि नळीच्या बाजूने थोडी लघवी बाहेर येते. नळीमुळे मूत्राशय आकसते, त्याची ही कळ असते. वारंवार होत असेल तर डॉक्टर त्यासाठी गोळी देतात. पण आधी पिशवीत लघवी उतरते आहे ना, ते बघा. उतरत नसेल तर नळी कुठे मुडपली आहे का, पेशंट तिच्यावर बसला आहे का, पिशवी वर गेली आहे का, हे तपासा. हे सगळे ठीक असून लघवी येत नसेल आणि ओटीपोट फुगत असेल, तर वाट न बघता हॉस्पिटलला फोन करा.

आणखी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. नळी चुकून निघाली तर ती किंवा नवी नळी घालण्यासाठी जवळच्या कुणालाही बोलावू नका. नेहमीचा कंपाउंडर कितीही हुशार असला तरी नाही. डोळे मिटून घातलेली नळी ताजा जोड फाडू शकते. तडक ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलला जा. ते लांब असेल तर निघतानाच सर्जनला फोन करून काय करायचे ते विचारा.

पोट, शौच, जेवण

पोट कार्बन डायऑक्साइड वायूने फुगवून दुर्बिणीचे किंवा रोबोटचे ऑपरेशन होते. त्यामुळे पहिले एक-दोन दिवस खांद्यात दुखू शकते. ते आपोआप थांबते. अंडकोशावर सूज आणि निळसरपणा येणेही नेहमीचे आहे. झोपताना खाली घडी केलेला टॉवेल ठेवला आणि चालताना घट्टसर अंतर्वस्त्र घातले की आराम पडतो.

बद्धकोष्ठ मात्र होऊ देऊ नका. भुलीची औषधे, वेदनाशामक गोळ्या आणि हालचाल कमी, या तिन्हींमुळे शौचाला कडक होते आणि जोर लावावा लागला की जोडावर ताण येतो. सुरुवातीला मऊ भात, मुगाची खिचडी, पातळ वरण द्या. पोट सुरळीत झाले की पालेभाज्या, पपई, भिजवलेल्या मनुका, ज्वारीची भाकरी सुरू करा. इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेले पातळ औषध रोज रात्री चालू ठेवा. पोट साफ होत नाही म्हणून एनिमा देऊ नका, गुदद्वारातून घालायची गोळी वापरू नका. प्रोस्टेट गुदाशयाला अगदी लागून असते. तिथे नळी किंवा बोट लागले तर इजा होऊ शकते. हा नियम साधारण सहा आठवडे पाळा. त्या काळात दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात जावे लागले तर तिथेही आधीच सांगा.

घरात भारतीय बैठकीचा संडास असेल तर पहिले काही आठवडे कमोडची खुर्ची आणा. नळी सांभाळत उकिडवे बसणे आणि उठणे दोन्ही त्रासाचे होते. वैद्यकीय साहित्याच्या दुकानात ती विकत मिळते, बऱ्याच ठिकाणी भाड्यानेही मिळते.

चालायचे, पण उचलायचे नाही

‘ऑपरेशन झाले आहे, पडून राहा’ हा सल्ला प्रेमाचा असला तरी इथे घातक आहे. कॅन्सर आणि ओटीपोटाचे ऑपरेशन या दोन्हींमुळे पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. म्हणून पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात दर दोन तासांनी थोडे चालवा. बसल्या जागी पावले वर-खाली हलवायला सांगा. पायांचे घट्ट मोजे किंवा रक्त पातळ ठेवणारी पोटावरची इंजेक्शने दिली असतील तर ठरलेल्या दिवसापर्यंत चुकवू नका. हृदयासाठी आधीपासून चालू असलेल्या गोळ्या कधी सुरू करायच्या, हे डिस्चार्जच्या वेळीच लिहून घ्या.

चार ते सहा आठवडे चार-पाच किलोंपेक्षा जास्त वजन नको. पाण्याची भरलेली बादली, गॅस सिलिंडर, धान्याचे पोते हे तर नाहीच, पण धावत येणाऱ्या नातवालाही उचलायचे नाही. आजोबांनी खाली बसावे आणि नातवाला मांडीवर घ्यावे. नळी असेपर्यंत गाडी चालवू नये. स्कूटर आणि सायकलची सीट नेमक्या ऑपरेशनच्या जागेखाली दाब देते आणि आपल्या रस्त्यांवरचे खड्डे त्यात भर घालतात. त्यामुळे सर्जनने हो म्हणेपर्यंत दुचाकी बाजूला ठेवा. शेतकऱ्यांनी हाच नियम ट्रॅक्टरलाही लावावा.

नळी काढल्यावर

नळी निघाली म्हणजे त्रास संपला, असे पेशंटला वाटत असते. त्याच दिवशी उठता-बसता लघवी गळायला लागते आणि माणूस खचतो. हा धक्का टाळता येतो. नळी काढायला जाण्याच्या आदल्या दिवशीच सांगून ठेवा की सुरुवातीला जवळजवळ सगळ्यांचीच लघवी गळते. मोठ्यांचे डायपर, दोन जादा पँट आणि एक टॉवेल पिशवीत घेऊनच जा.

असे का होते? लघवी धरून ठेवण्याचे काम आधी दोन ठिकाणी वाटलेले होते. मूत्राशयाच्या तोंडाशी एक आणि प्रोस्टेटच्या खाली दुसरी झडप असते. ऑपरेशननंतर सगळा भार खालच्या झडपेवर आणि तिच्याभोवतीच्या स्नायूंवर येतो. त्यांना बळ यायला वेळ लागतो. बहुतेकांना तीन ते सहा महिन्यांत बराच फरक दिसतो. सुधारणा वर्षभर चालू राहते. साधारणपणे रात्र आधी कोरडी होते, कारण आडवे असताना भार कमी असतो. संध्याकाळी स्नायू थकतात आणि गळती वाढते. हा क्रम माहीत असला की ‘सकाळी बरे होते, आता पुन्हा बिघडले’ असे वाटत नाही.

पहिले काही दिवस डायपर, गळती कमी झाली की चड्डीत चिकटवायचे पॅड, असे करत जा. रोज किती पॅड लागले ते कॅलेंडरवर लिहा. दिवसागणिक फरक कळत नाही, पण महिन्यांचे आकडे शेजारी दिसले की धीर येतो, आणि डॉक्टरांनाही नेमकी माहिती मिळते. ओले पॅड अंगावर राहू देऊ नका. जांघा धुऊन, टिपून कोरड्या करा आणि खोबरेल तेलाचा किंवा मलमाचा पातळ थर लावा. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत तेव्हा जांघेत बुरशीची लागण पटकन होते. खाज आणि लाल चट्टे दिसले की दाखवा. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून वेगळ्या कचऱ्यात टाका. संडासात टाकू नका.

पाणी कमी पिऊन गळती थांबत नाही. लघवी दाट होते, जळजळते आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते. कमी करायचे ते चहा, कॉफी आणि मद्य, आणि पाणी प्यायचे तर दिवसा जास्त, झोपण्याच्या दोन तास आधी कमी. सुरुवातीचे काही आठवडे लघवीला बसून जाणे सोपे पडते.

स्नायूंचा व्यायाम

हा व्यायाम नळी असताना करायचा नाही. नळी निघाल्यावर, सर्जनच्या परवानगीने सुरू करायचा. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये तो बाळंतपणानंतर लघवी गळणाऱ्या स्त्रियांसाठी मांडला. आज पुरुषांनाही तोच शिकवतात. अनेक घरांत आजोबांना आजीकडूनच तो शिकता येईल.

चारचौघांत गुदावाटे वायू सुटू नये म्हणून आपण जे आवळतो, तोच हा स्नायू. तो आत आणि वर ओढायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा आणि तेवढाच वेळ सैल सोडायचा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा आकड्यांपर्यंत न्यायचे. पोट, मांड्या, नितंब आवळायचे नाहीत आणि श्वास रोखायचा नाही. आधी उताणे झोपून, मग बसून, मग उभ्याने करा. लघवी करताना धार मध्येच थांबवून रोज सराव करू नये. त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही.

व्यायामाचा खरा उपयोग रोजच्या हालचालीत आहे. खोकला, शिंक, खुर्चीतून उठणे, जिना चढणे, यांच्या आधी क्षणभर स्नायू आवळायचा. हे अंगवळणी पडले की गळती बरीच आटोक्यात येते. नेमका स्नायू सापडत नसेल तर या विषयाच्या फिजिओथेरपिस्टकडे दोन-तीन वेळा जाऊन या. वर्षभरानंतरही दिवसाला अनेक पॅड लागत असतील तर मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी किंवा कृत्रिम झडप बसवण्याचे ऑपरेशन करता येते. ‘आता असेच राहणार’ म्हणून गप्प बसू नका.

ओले होण्याच्या भीतीने अनेक जण देवळात जाणे, पूजेला बसणे, नमाज, भजनी मंडळ, कट्ट्यावरच्या गप्पा सोडतात. सोवळे मोडेल असे वाटून पूजा बंद करणाऱ्याला घरच्यांनीच सांगावे की पॅड लावून, अंघोळ करून पूजेला बसता येते. बाहेर जाताना सोबत एक छोटी पिशवी ठेवा: दोन पॅड, एक चड्डी, प्लॅस्टिकची पिशवी. एसटीचा लांबचा प्रवास असेल तर बस थांबेल तिथे भावना नसली तरी लघवीला जाऊन यावे.

पती-पत्नीमधले

लिंगाला ताठरता आणणाऱ्या नसा प्रोस्टेटच्या दोन्ही बाजूंना चिकटून जातात. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलचे पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये त्या वाचवून ऑपरेशन करण्याची पद्धत सुरू केली. पण कॅन्सर त्यांच्याजवळ असेल तर त्या काढाव्याच लागतात. वाचवल्या तरी त्यांना सावरायला वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षेही लागतात. इच्छा आणि सुखाची जाणीव राहते, वीर्य मात्र बाहेर येत नाही आणि नैसर्गिकरीत्या मूल होत नाही.

यावर गोळ्या, पंप, इंजेक्शन असे उपाय आहेत आणि ते लवकर विचारलेले बरे. मात्र मित्राने दिलेली किंवा दुकानातून परस्पर आणलेली गोळी घेऊ नका. छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची गोळी किंवा नायट्रेट वर्गातले दुसरे औषध चालू असेल, तर त्यासोबत ती घेतल्यावर रक्तदाब धोकादायक पातळीवर उतरतो. फॉलोअपला पत्नीही सोबत असावी. मुलांना बाहेर बसवून दोघांनी डॉक्टरांशी बोलावे. चिडचिड, झोप न लागणे, अबोला हे आठवडे आठवडे चालू राहिले तर तो स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत.

आणि पत्नीचे काय? रात्री उठणे, चादरी धुणे, औषधे सांभाळणे हे बहुतेक घरांत तिच्याच वाट्याला येते. तिचाही बीपी, तिचेही गुडघे असतात. रात्रीची पिशवी मुलाने रिकामी करावी, फार्मसी आणि फॉलोअप सुनेने किंवा मुलीने बघावे, आठवड्यातली एक दुपार तिला पूर्ण मोकळी द्यावी.

लगेच हॉस्पिटल गाठा, जर...

- ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला किंवा थंडी वाजून आली
- लघवी गडद लाल झाली किंवा रक्ताच्या गाठी पडू लागल्या
- नळीतून लघवी येणे थांबले, नळी निघाली, किंवा नळी काढल्यावर काही तासांत लघवीच होत नाही
- एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली
- छातीत दुखले, दम लागला (अशा वेळी १०८ ला फोन करा)
- जखमेतून पू किंवा खूप पाणी आले, पोट फुगून उलट्या झाल्या

काही महिन्यांनी लघवीची धार बारीक होत गेली तर जोडाची जागा आकसली असण्याची शक्यता असते. त्यासाठीही भेट घ्या.

फाइल सांभाळा

काढलेल्या ग्रंथीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट साधारण दोन-तीन आठवड्यांत येतो. कॅन्सर किती आक्रमक, कडेपर्यंत पोचला होता का, लसिका ग्रंथींत होता का, हे त्यात असते आणि पुढचा उपचार त्यावर ठरतो. तो घ्यायला विसरू नका. दीड ते तीन महिन्यांत पहिली पीएसए तपासणी, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाची तपासणी, होते. ग्रंथीच काढल्यामुळे हा आकडा जवळजवळ शून्यावर, बहुधा ०.१ च्या खाली, जायला हवा. पुढे तो ०.२ किंवा वर जाऊन दुसऱ्या तपासणीतही तसाच आला, तर कॅन्सर परतल्याची शंका घेतात. तेव्हाही रेडिएशनसारखे उपचार हातात असतात. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासा आणि तारखेसह आकडे एका वहीत लिहा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून किंवा विम्यातून उपचार झाले असतील तर त्या कागदांच्या प्रतीही त्याच फाइलमध्ये ठेवा.

ही फाइल कपाटाच्या तळाशी जाऊ देऊ नका. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झालेल्या पुरुषाला हा आजार होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. घरात स्तनाचा किंवा बीजकोशाचाही कॅन्सर असेल तर डॉक्टर जनुकीय तपासणी सुचवू शकतात, आणि ती माहिती मुलींच्याही कामाची असते. मुलांनी आणि भावांनी पंचेचाळिशीच्या सुमारास डॉक्टरांना भेटून पीएसए तपासणी कधी करायची ते ठरवावे. त्यासाठी आपल्याला काय झाले होते, हे त्यांना बापाच्या किंवा भावाच्या तोंडून कळायला हवे.